आट्यातली लोकर

आटे जातात तेव्हा आवाज होत नाही. लोकांना वाटतं काहीतरी कडाडेल, तुटेल. तसलं काही नाही. पाना ओढता ओढता घट्ट लागत असतो, हाताला बरं वाटत असतं, आणि एकाएकी तो लोण्यात फिरावा तसा फिरतो. मनगटाला कळतं, कानाला नाही. बोल्ट वरून जागच्या जागी दिसतो, पण आत त्याला धरून ठेवणारे आटे उरलेले नसतात. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, इंजिनात हे सहसा होत नाही. ॲल्युमिनियममध्ये मात्र जरा जोर जास्त झाला की झालंच.

माझ्या सासरी हे वारंवार व्हायचं आणि त्याला कारण देव होता.

शिरूरच्या कडेला, न्हावऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं वर्कशॉप. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड, एक जुनं लेथ, एक ड्रिल मशीन आणि दारात उघडी पडलेली पाण्याची इंजिनं. घर मूळ मेंढरांमागं फिरणाऱ्यांचं. आबा, म्हणजे माझे सासरे, पालात जन्मले. पुढं कालव्याचं पाणी आलं, जमीन आली, जमिनीबरोबर इंजिन आलं आणि ते बंद पडल्यावर आबांनी ते स्वतःच उघडून बसवलं. तेव्हापासून पंचक्रोशीतली इंजिनं आमच्या दारात. बिडाचं इंजिन म्हणजे म्हैस, कसंही वागवा, उभी राहते. त्यामुळं आबांना एक सवय लागली होती. बोल्ट पुरता आवळून झाला की पान्याला दोन्ही हात लावायचे, "जय मल्हार" म्हणायचं आणि आणखी एक हिसका द्यायचा. हा देवाचा हिसका. तो दिला नाही तर इंजिन वाटेत दगा देतं, अशी घरातल्या पुरुषांची समजूत. आबांनी तो दोन्ही मुलांना शिकवला. धाकटा, म्हणजे माझा नवरा, शिक्रापूरच्या कारखान्यात लागला, तिथंही देत असणार.

मी दौंडची. वडील रेल्वेत टर्नर. आमच्याकडं देव देवघरात असायचा, पान्यावर नव्हे. वडिलांनी मला लेथ शिकवलं ते हौसेनं, आणि सासरी ते कामाला आलं ते नाइलाजानं, कारण नवरा कारखान्यात गेल्यावर आबांच्या हाताशी कुणी उरलं नव्हतं. सुरुवातीला मी आबांशी फार भांडले. म्हटलं, आबा, स्कूटरचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, त्याला देवाचा हिसका सोसत नाही. आबा म्हणायचे, "देवाला सोसत न्हाई असं काय हाय का जगात?" मग आटे जायचे आणि मी ते निस्तरायचे. भोक मोठं करायचं, त्यात नवे आटे पाडायचे आणि पोलादी तारेची गुंडाळी किंवा पितळेचा बुश, म्हणजे आटे पाडलेली नळी, आत बसवायचा. बघता बघता त्याच कामासाठी माझं नाव झालं. आबांनी बिघडवायचं आणि सुनेनं दुरुस्त करायचं, असा धंदा दुसरीकडं कुठं चालत नसेल.

मी येण्याआधी आबांचा उपाय वेगळा होता. आटे गेले की ते बोल्टावर लोकरीचं सूत गुंडाळायचे, सफेद्यात, म्हणजे सांधे बुजवायच्या पांढऱ्या लेपात, बुडवायचे आणि आत पिळायचे. लोकरीत मेंढीची चरबी असते, ती पाण्याला दाद देत नाही. दुसरे मिस्त्री ताग वापरतात, सुतळी वापरतात. लोकर वापरणारं घर मी दौंडपासून पुण्यापर्यंत दुसरं पाहिलं नाही. आबा वापरायचे आणि त्यांचा थोरला मुलगा वापरायचा.

थोरले भावजी माझ्या लग्नाच्या आधीच घरातून गेलेले होते. पिस्टनच्या रिंगा आणायला म्हणून दौंडला गेले ते गेलेच. स्टेशनवर चौकशी झाली, दवाखाने झाले, जेजुरीच्या यात्रेत दरवर्षी तोंडं बघून झाली. मागं राहिली माझी जाऊ. पदरी मूल नव्हतं. मूल नाही म्हणून गेला असेल, असं लोक बोलायचे, आणि बोलताना ती ऐकेल एवढा आवाज ठेवायचे. ती कपाळभर कुंकू लावून वर्कशॉपच्या दारात बसायची आणि चातीवर लोकर कातायची. मी तिला बाई म्हणायची. ती माझ्यावर फार बोलून माया करणारी नव्हती, पण मी लेथवर असले की माझ्या पोळ्या ती लाटायची.

हरवलेल्या माणसाला बारा वर्षं झाली की तो गेला असं धरायचं, ही रीत. दर्भाचा पुतळा करायचा, त्याला नारळाचं डोकं लावायचं, त्याचा सदरा घालायचा आणि अग्नी द्यायचा. नाहीतर जीव वाटेत अडकतो, ना इकडं ना तिकडं. आबांनीच हट्ट धरला. म्हणाले, माझ्या डोळ्यांदेखत त्याची सुटका होऊ दे. जाऊबाई आठवडाभर बोलली नाही. मग एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "जाळायचं तर जाळा. मला बघाया लावू नगा."

सर्वपित्री अमावस्येला, भर दुपारी, घोडनदीच्या काठावर ते झालं. आम्ही दोघी लांब, बाभळीखाली पाठ करून उभ्या होतो. पुतळा पेटेचना. दर्भ ओला असेल, नदीचा वारा असेल. माझ्या नवऱ्यानं दोनदा पेटवला आणि तिसऱ्यांदा तो असा पेटला की माझ्या पाठीला झळ लागली. नारळ फुटला. एवढ्या दुरून तो आवाज आला आणि जाऊबाई दचकून मागं वळली. तिनं पाहिलंच शेवटी. सदऱ्याची बाही पेटून वर उचलली गेली होती, हात वर करून कुणाला हाक मारावी तशी. मीही पाहिली. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, पण ती बाही मला आजही नको वाटते. संध्याकाळ झाली तेव्हा जाऊबाईच्या हातात बांगड्या नव्हत्या, कपाळावर कुंकू नव्हतं.

थंडी पडू लागली तेव्हा दौंडचे एक गृहस्थ टेम्पोवर एक मोटार घालून आमच्या दारात आले. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, माझ्या वडिलांच्या ओळखीचे. मोटार त्यांच्या वडिलांची, पन्नास सालच्या आसपासची विलायती, गोल पाठीची, मागच्या काचा एवढ्याशा. त्यांचा जीव तिच्यात होता. चालता चालता बंदुकीसारखा बार झाला म्हणाले, आणि एक प्लग हेडमधून उडून बॉनेटला आतून आपटला. वर खरंच पोचा आला होता. हेड ॲल्युमिनियमचं, प्लगच्या भोकातले आटे पार पुसलेले. नवं हेड कुठं मिळायचं नाही. गार्डसाहेब म्हणाले, "तुझ्या वडिलांच्या हाताखाली शिकलीस ना? मग तूच कर. गावातल्या हातोडेवाल्यांना मी गाडीला हात लावू देणार नाही." आबा शेजारीच उभे होते. मला हसू आलं, पण मी ते दाबलं. गार्डसाहेब चार दिवसांनी चक्कर मारतो म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. लेथ बंद, ड्रिल बंद. रस्त्यावर उसाचे ट्रकही नव्हते. शेजारच्या शेतात कांद्याची लागण करणाऱ्या बायका झाडाखाली जेवायला गेल्या होत्या. टळटळीत बाराची वेळ. आमच्याकडं या वेळेला विहिरीवर आणि ओढ्यात एकटं जात नाहीत. मला काम अडून राहिलेलं सोसत नाही, म्हणून मी हेड उतरवायच्या आधी इंजिन हँडलनं हातानं फिरवून पाहू लागले. बाकीचे प्लग जागेवर होते आणि ते एक भोक उघडं.

इंजिनानं श्वास घेतला. हे मी सजवून सांगत नाही, पिस्टन खाली गेला की भोकातून हवा आत जाते, वर आला की बाहेर येते, हे मला ठाऊक होतं. पण पुसलेल्या आट्यांच्या कडा खरबरीत होत्या. त्यांतून हवा बाहेर येताना घसा बसलेल्या माणसासारखी यायची. मी हँडल हळू फिरवलं, तर श्वास लांबला. थांबवलं, तर आत कुठंतरी उरलेली हवा सुस्काऱ्यासारखी निघत राहिली, माझा हात हँडलवर नसतानाही.

"कोण कन्हतंय?" जाऊबाई दारात उभी होती.

"इंजिन हाय, बाई. हवा निघतीय."

"व्हय?" ती म्हणाली, पण आत आली नाही. मोटारीकडं बघत ती उंबऱ्यापाशीच बराच वेळ उभी राहिली. मी हँडल परत फिरवलं नाही.

मग मी बोल्ट सोडायला घेतले. हेडवर पाणी बाहेर पडायचा एक गळा असतो, तो दोन बोल्टांनी बसवलेला. पाना लावायला गेले तर पहिला बोल्ट पान्याशिवायच हलला. बोटांनी फिरवला आणि तो बाहेर आला. त्याच्यावर काळं सूत गुंडाळलेलं होतं. मी उजेडात नेलं. लोकर होती, सफेद्यात बुडवलेली. दुसरा बोल्ट काढला, तसाच. वरच्या झाकणाचे काढले, त्यांच्यावरही. एकेका भोकातले आटे ओढून फाडलेले होते, ॲल्युमिनियमची कात बोल्टाच्या आट्यांना चिकटून बाहेर येत होती. हे काम मी पूर्वी शंभरदा निस्तरलं होतं. हा देवाचा हिसका होता. मला माझ्याच घरचा हात ओळखता आला, दौंडच्या मोटारीत.

शेवटच्या बोल्टावरचं सूत मी चिमट्यानं ओढलं, तर ते येतच राहिलं. लोकर संपली तरी काहीतरी येत होतं. बारीक, काळं, लांब. केस होता, बाईच्या डोक्याचा. माझ्या हातभर लांब केस, बोल्टाभोवती सुतासोबत वळलेला, इंजिनाच्या आतून बाहेर आला. मी चिमटा टाकून दिला. करणीच्या गोष्टी मीही लहानपणापासून ऐकलेल्या होत्या. केस, लोखंड, अमावस्या. वडिलांनी शिकवलेलं सगळं गणित त्या क्षणी कुठं गेलं कुणास ठाऊक.

चिमटा पडल्याच्या आवाजानं आबा आले. मी काही बोलायच्या आत त्यांनी बोल्ट हातात घेतला. त्यांची नजर कमी झाली होती, म्हणून त्यांनी अंगठ्यानं चाचपलं. सुताचा पहिला वेढा, शेवटचा वेढा, सफेद्याचा थर. मग ते तिथंच लोखंडी पेटीवर बसले.

"कवाचं हाय ह्ये?" त्यांनी विचारलं.

मी सफेदा नखानं खरवडला. वरचा पापुद्रा वाळला होता, आतून अजून मऊ होता. जुनं काम नव्हतं. वर्षाच्या आतलं होतं, फार तर पावसाळ्यातलं.

"म्या केल्यालं न्हाई," आबा म्हणाले. "तू करत न्हाईस. मग?"

जाऊबाई अजून उंबऱ्यापाशीच होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा हात कपाळाकडं गेला, तिथं काही नव्हतं, तो परत खाली आला. ती घरात गेली.

पुढचे दिवस मी गार्डसाहेबांची वाट पाहत काम केलं. कामाशिवाय मला दुसरा उपाय माहीत नव्हता. घरात कुणी नीट जेवत नव्हतं. आबा सारखे उठून त्या बोल्टांकडं यायचे, उचलायचे, ठेवायचे. कधी म्हणायचे, भूत सूत गुंडाळत न्हाई. कधी म्हणायचे, त्यालाच ठावं असल्यालं काम त्यानंच केलं असंल, जिता न्हाईतर मेल्याला. माझी चिडचिड व्हायची. पण दुपारी शेडमध्ये एकटी असले की मीही त्या मोटारीकडं पाठ करून बसत नव्हते.

गार्डसाहेब ठरल्या दिवशी आले. आबांनी त्यांना बसूही दिलं नाही. "मागचं काम कुणी केलं ह्ये?"

"यवतजवळ हायवेवर एक गॅरेज आहे, तिथल्या मिस्त्रीनं. का? बिघडवलंय का त्यानं?"

"मिस्त्री कसा व्हता?"

गार्डसाहेब जरा गोंधळले. "साधा माणूस. कमी बोलणारा. कुठला ते सांगायचा नाही."

"डाव्या हाताची करंगळी?"

"हां, तिचं पेर नव्हतं. पट्ट्यात गेलं म्हणायचा." एवढं बोलून ते थांबले. आबांचं तोंड पाहूनच थांबले असावेत. भावजींच्या करंगळीचं पेर आमच्याच लेथच्या पट्ट्यात गेलं होतं, ते मला लग्न झाल्या दिवसापासून सांगितलं जायचं. मी अजून तो पट्टा जपून वापरते.

आबांनी विचारलं, आता कुठं आहे. गार्डसाहेब म्हणाले, "काय झालं सांगू का, तो माणूस काम अर्धवट टाकून गेला. मी समोरच होतो. सर्वपित्री अमावस्या होती, घरी पितरांना वाडी दाखवून मी गाडी न्यायला गेलो होतो. दुपारी झाकण बसवता बसवता तो एकदम उठला. म्हणाला, अंग भाजतंय. आम्हाला वाटलं ऊन लागलं. तो पळत जाऊन गॅरेजच्या पाण्याच्या हौदात बसला, कपड्यांसकट, गळ्यापर्यंत. भाजतंय, भाजतंय, एवढंच म्हणत होता. मग तसाच निथळत उठला आणि रस्ता ओलांडून गेला. पुन्हा आलाच नाही. मालकानं शोधलं, त्याच्या खोलीला कुलूप. त्यानं सूत गुंडाळून ठेवलेले उरलेले बोल्ट मीच आवळून गाडी घरी नेली."

माझ्या हातात आटे पाडायचा टॅप होता. मी तो खाली ठेवला. मला नदीकाठची ती पेटलेली बाही दिसली. आबांना काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही. ते भिंतीला धरून उभे राहिले आणि एकच वाक्य दोनदा म्हणाले, "जित्या लेकराला अग्नी दिला म्या. जित्या लेकराला अग्नी दिला." गार्डसाहेबांना काही कळेना. मी त्यांना बाहेर नेऊन थोडक्यात सांगितलं, तर ते मोटारीपासून दोन पावलं मागं सरकले. गाडीत जीव असलेला माणूस, पण त्या दिवशी जाताना त्यांनी तिच्यावरून हात फिरवला नाही.

मी स्वतःला समजावलं. बाप्याला ताप भरला असेल. ऊन, रिकामं पोट, हायवेवरचा धूर. दर्भाच्या पेंढीला लावलेली आग यवतपर्यंत जात नाही. हे मी नवऱ्यालाही समजावलं, कारण अग्नी त्याच्या हातानं दिला होता आणि तो त्या रात्रीपासून चुलीजवळ बसेना. तो कारखान्यातून रजा काढून यवतला जाऊन आला. गॅरेजवाल्यालाही जास्त काही ठाऊक नव्हतं. खोलीला नवा भाडेकरू आला होता.

आबांनी दुसऱ्या दिवसापासून एक सुरू केलं. सकाळी उठून पाण्यानं भरलेली घागर घराच्या मागच्या दारापाशी ठेवायची, वर तांब्या उपडा. पुतळा जाळलेला माणूस परत आला तर त्याला पुढच्या दारानं घेत नाहीत. मागनं घ्यायचं, अंघोळ घालायची, लेकरासारखं बारसं करायचं आणि मग तो पुन्हा माणसांत. आबा म्हणाले, "भाजलं असंल त्याला. आला तर आधी पाणी लागंल." जाऊबाई ते ऐकत होती. तिनं कुंकवाचा करंडा फडताळातून काढून जात्यावर ठेवला होता. लावलं नाही, आत ठेवलंही नाही. ती नवऱ्याची बायको होती की विधवा, हे तिला कुणी सांगू शकत नव्हतं. गावातल्या बायका तिच्या कपाळाकडं बघून काय म्हणावं या पेचात पडायच्या आणि वाट बदलून जायच्या. मला तिच्यासाठी रडू यायचं आणि तिच्यासमोर जायचं धाडस व्हायचं नाही. संध्याकाळी आबा मागच्या दाराशी जाऊन घागरीत डोकवायचे. मग सांगायचे, पाणी कमी झालंय. कुत्रं प्यालं असेल, उन्हानं आटलं असेल, पण खरंच थोडं कमी झालेलं असायचं.

मी मोटार पुरी करायला घेतली, कारण ती दारातून गेल्याशिवाय हे घर श्वास घेणार नाही असं मला वाटायला लागलं होतं. प्लगच्या भोकासाठी पितळेचा बुश कातला. भोक मोठं करताना हेड तसूभरही कललं तर सगळं वाया, म्हणून ते खाली पाचर देऊन नीट समपातळीत बांधलं. टॅपला रॉकेल लावलं. ॲल्युमिनियमला तेलापेक्षा रॉकेल बरं. अर्धा आटा पुढं, पाव मागं, चुरा तुटू द्यायचा, टॅप काढून पुसायचा, परत लावायचा. घाई करणाऱ्याचं हे काम नाही. नवे आटे पडतात तेव्हा चकचकीत असतात, बोट घातलं तर थंड लागतात. त्यात बुश पिळून बसवला, बुशात प्लग बसवला, बेतानं आवळला, आणि हिसका दिला नाही. बारीक भोकांत पुण्याहून आणवलेल्या तारेच्या गुंडाळ्या भरल्या. हेड परत चढवून हँडल मारलं तर इंजिनानं हवा आत दाबून धरली, कुठूनही गळती नाही. कण्हणं बंद झालं होतं. मला मोकळं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही.

त्याच दुपारी जाऊबाई शेडमध्ये आली. मोटार आल्यापासून पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आली. "त्ये सूत कुठं हाय?" तिनं विचारलं.

मी बोल्टांवरनं सोडवलेलं सूत एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं होतं. टाकवेना म्हणून. केससुद्धा त्यातच होता. ती दारातल्या उजेडात जाऊन खाली बसली, डबा मांडीवर घेतला आणि एक तुकडा उचलला. रॉकेलच्या फडक्यानं त्याचा सफेदा पुसला. मग दोन्ही टोकं चिमटीत धरून ती तो उलगडायला लागली. एकदा तिनं मोकळं केलं, पुन्हा वळलं, पुन्हा मोकळं केलं.

"ह्ये माझं न्हाई," ती म्हणाली.

मला वाटलं, ती म्हणतेय की हे भावजींचं काम नाही. म्हटलं, "बाई, करंगळीचं सांगितलं की त्यांनी."

"काम त्येचंच हाय. सूत माझं न्हाई. म्या डावरी. माझ्या सुताचा पीळ उलटा पडतो. ह्यो सुलटा हाय."

आट्यांचा पीळ उजवा की डावा, हे मला अंधारात बोट लावून कळतं. तिचं सूत मी इतकी वर्षं हाताळत होते आणि त्याचा पीळ कधी पाहिला नव्हता. तिनं डब्यातला केस बोटाला गुंडाळून पाहिला, तेल लावलेला, काळाभोर. "मोकळ्या केसांनी कातायला बसलं की जातोच एखादा पिळात. माझाबी जायाचा," ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. मीच एवढे दिवस त्या केसाला भिऊन होते.

मग तिनं लोकर गालाला लावली. लहान मुलं झोपताना गोधडी लावतात तशी, आणि तिथंच धरून ठेवली. "जावळाची हाय," ती म्हणाली. "कोकराची पैली कातरण. हिचं घोंगडं कुनी करत न्हाई, बोल्टाला तर कुनी लावतच न्हाई. हिचं तान्ह्याला टोपरं करत्यात. टोपरं करून उरल्यालं सूत हाय ह्ये. त्यानं उचललं घरातनं आन् आणलं कामाला."

ती रडेल असं मला वाटलं, मी तयार होते. ती रडली नाही. तिनं सगळं सूत डब्यात नीट ठेवलं, केस वर ठेवला, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. मग उठून घराच्या मागच्या बाजूला गेली. मीही तिच्यामागं गेले.

आबा मागच्या दाराशी बसले होते, घागरीजवळ. तिनं तांब्या उचलून भिंतीवर ठेवला. घागर कमरेवर घेतली आणि पाणी लिंबाच्या बुंध्याशी ओतायला लागली, धार न मोडता, शेवटच्या थेंबापर्यंत. आबा धडपडत उठले. "अगं, काय करतीस? त्यो आला म्हंजी?"

"न्हाई यायचा, आबा," ती म्हणाली. "त्याला पानी द्यायाला हाय की तिकडं कुनीतरी."

तिनं पदरानं घागरीचा काठ पुसला आणि जात्यावरचा करंडा आत ठेवून द्यायला ती घरात गेली.